शनिवारचे दोन खेळ

लोगन्सपोर्ट, ९ फेब्रुवारी

कॉलीन,

हा पत्ता तुझ्या शेवटच्या नाताळकार्डाच्या पाकिटावरून घेतला आहे. कार्ड जुनं आहे. तू अजून तिथेच राहतेस असं धरून चालते, कारण फोन करायची माझी तयारी नाही आणि उचलायची तुझीही नसावी.

लिहायचं कारण एवढंच. गेल्या रविवारी शिकागोत, त्या मोठ्या हॉटेलच्या चौदाव्या मजल्यावर, तू ज्या मुलीच्या गाण्याला पियानोची साथ केलीस ती जोसी होती. तुझी भाची. हिरवा ड्रेस, उंच, केसांची घट्ट वेणी. तुला ओळखू आली की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी तुझ्यासमोर मुलींची रांग लागली असेल, आणि निम्म्यांनी हिरवाच ड्रेस घातला असेल.

खोलीच्या आत काय चालतं ते तू मला सांगू शकशील. दाराच्या बाहेर काय चालतं ते मी तुला सांगते. प्रत्येक दारावर एका कॉलेजचं नाव चिकटवलेलं. देशभरातली नाट्यशाळांची माणसं दरवर्षी त्याच हॉटेलात खोल्या घेऊन बसतात, म्हणून देशभरातले आईबाप गालिच्यावर भिंतीला पाठ टेकून बसतात. आत मूल एक उतारा म्हणतं, एक गाणं म्हणतं, आणि बाहेर येतं. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत दाराला कान लावायचा नाही असा नियम आहे, आणि तो पाळणारा एकही बाप मी पाहिला नाही. कर्टने आमच्या गावच्या माणसासारखं केलं. म्हणजे बुटाची नाडी बांधायला दाराशीच वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

माझ्या शेजारी टोलीडोची जिनेल नावाची बाई होती. मुलाला सोडून आली होती आणि सगळ्यांना खारी बिस्किटं वाटत होती. ती म्हणाली, "आत पियानो तरी चांगला वाजतोय. आमच्या आधीच्या खोलीत नुसता खिळे ठोकल्यासारखा वाजत होता."

तेवढ्यात आधीचा मुलगा बाहेर आला, दार उघडलं आणि मला हात दिसले. फक्त हात. तू अजून वाजवण्याआधी बोटांवर फुंकर मारतेस. चर्चच्या तळघरात थंडी असायची म्हणून मारायचीस. त्या हॉटेलात इतकं उकडत होतं की लोकांनी स्वेटर काढून ठेवले होते.

जोसी बाहेर आली आणि म्हणाली, "पियानोवाल्या बाई चांगल्या होत्या. दुसऱ्या ओळीला मी घाईत सुटले, तर त्यांनी मला हळूच धरून मागे आणलं. कुणाला कळलंसुद्धा नसेल." मी म्हटलं, "हो का." आणि कर्टला गाडी आणायला पाठवलं. तिला काही सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत तू पाण्याची बाटली घेऊन बाहेर आलीस असं नंतर कळलं. मी तेव्हा खाली कॉफी आणायला गेले होते.

आता वाट बघायची. उत्तरं मार्च संपेपर्यंत येतील. जोसीला मनापासून एकच कॉलेज हवं आहे, तू ज्यांच्या खोलीत वाजवत होतीस ते, शिकागोजवळचं, तळ्याकाठचं. त्याचं नाव आमच्या घरात घ्यायचं नाही. "ते" म्हणायचं. मी एकदा चुकून घेतलं तर तिने मला घराबाहेर जाऊन परत आत यायला लावलं. कर्टने त्या दिवसापासून शकुन मोडू नये म्हणून टोपी बदललेली नाही.

आमच्या राज्याच्या कॉलेजात साध्या विषयांसाठी डिसेंबरातच प्रवेश मिळाला आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर निकालाचं पान उघडलं की पडद्यावर वरून रंगीत कागदाचे तुकडे पडतात. कर्टला ते इतकं आवडलं की म्हणाला, "परत लाव." जोसी म्हणाली, "ते एकदाच पडतं, बाबा. पहिल्यांदा उघडताना." तो बिचारा तरी चार वेळा उघडून बघत होता.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

रोंडा

* * *

लोगन्सपोर्ट, २ मार्च

कॉलीन,

उत्तर नाही. ठीक आहे. मी म्हटलंच होतं.

तीन कॉलेजांनी नाही म्हटलं. नाही म्हणायची त्यांची पद्धत फार गोड आहे. "यंदा गुणी मुलांची संख्या विलक्षण होती." कर्ट म्हणाला, "मग दरवर्षी विलक्षण असते की काय?" जोसी हसली आणि खोलीत गेली. तिथून काही आवाज आला नाही. आवाज आला असता तर बरं झालं असतं.

मला घरात एका जागी बसवत नाही. मसाल्याचं कपाट काढलं, पुसलं, परत लावलं. कामावर, जनावरांच्या दवाखान्यात बरं असतं, तिथे फोन वाजतात, कुत्री ओरडतात, कुणाचं मांजर खुर्चीखाली जाऊन बसतं. घरी मात्र मी तिच्या मागे मागे फिरते. काल ती म्हणाली, "आई, भट्टीतल्या केककडे बघतात तशी तू माझ्याकडे बघतेस. दार उघडून उघडून बघितलं की केक बसतो."

आईबापांचा एक गट आहे, फोनवर. जिनेलने मला त्यात घेतलं. सकाळी उठल्याबरोबर मी आधी तो वाचते. कुणाला कुठून उत्तर आलं, कुठल्या कॉलेजचं पान आज उघडणार, अमक्याने उंच मुली यंदा जास्त घेतल्या म्हणे. एक बाई कॉलेजांच्या जुन्या निकालांचे वार बघून भाकीत करते, आणि आम्ही सगळी शहाणी माणसं तिला प्रश्न विचारतो. गटाचा एकच कडक नियम आहे. मूल स्वतः बघेपर्यंत आईबापाने बघायचं नाही. एका गृहस्थाने बघितलं, तर त्याला गटातून काढलं. वर जिनेलने लिहिलं, "असा माणूस मुलांच्या वाढदिवसाच्या भेटीही आधी फोडून बघत असेल." जिनेलच्या मुलाला सगळीकडून हो येतंय, त्यामुळे तिला विनोद सुचतात.

एक विचारायचं होतं. विचारत नाही, नुसतं लिहिते. मुलं गेली की आतली माणसं पियानोवाल्याला काही विचारतात का? मला काही नको आहे. तू काही बोललीस की नाही, तेही नको. पण रात्रंदिवस डोक्यात हाच किडा. तू तिच्याबद्दल चांगलं बोलली असशील असं वाटलं की राग येतो. काहीच बोलली नसशील असं वाटलं की जास्त येतो.

आणि त्या कॉफीचं. मी खाली गेले नव्हते. कॉरिडॉरच्या टोकाला बर्फाच्या यंत्रासाठी कोनाडा आहे, त्यात उभी होते. तू दाराशी आलीस, केस पांढरे झालेत तुझे, छान दिसतात. यंत्रातून बर्फ धडधड पडला आणि मी दचकले. नंतर मान बाहेर काढली तेव्हा तू नव्हतीस.

आईचा पियानो अजून आमच्याकडेच आहे. वरचे दोन सूर लागत नाहीत. जोसी ते सोडून वाजवते.

रोंडा

* * *

लोगन्सपोर्ट, २१ मार्च

कॉलीन,

आता एकच उरलं आहे. "ते". बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं, एकाने थांबायच्या यादीत ठेवलं. त्या यादीत कितवी ते सांगत नाहीत. कर्टने विचारायला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "आम्ही असा क्रम लावत नाही, सर." तो म्हणाला, "बाई, पेट्रोल पंपावरसुद्धा क्रम असतो."

जोसी उभ्याउभ्या जेवते. ताट हातात, खिडकीशी. शाळेतल्या वसंतातल्या नाटकाच्या तालमीला जाते, येते, माझ्याशी नीट बोलते. इतकी नीट की मला भीती वाटते. मी म्हटलं, "आपल्या राज्याचं कॉलेज काही वाईट नाही. रविवारी घरी येता येईल." तिने ताट ठेवलं आणि म्हणाली, "आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?"

ती म्हणाली, "उत्तर नव्हतं ते."

तेव्हापासून मी मनातल्या मनात उत्तर जुळवते आहे आणि ते जुळत नाही. म्हणून तुला लिहिते. तू उत्तर देत नाहीस, त्यामुळे सोपं जातं.

आई गेली तो गुरुवार होता. मी तुला त्याच दिवशी कळवलं. तू कुठल्यातरी गावी होतीस, फिरत्या नाटकाबरोबर, स्टेजखालच्या वाद्यवृंदात. दफन शनिवारी. तू म्हणालीस, "शनिवारी दोन खेळ आहेत, रॉनी. माझ्या जागी वाजवायला माणूस मिळाला की निघते." सगळं चर्च भरलं होतं. मी पहिल्या बाकावर माझ्या शेजारी तुझी जागा धरून ठेवली होती, पर्स ठेवून. प्रार्थना संपेपर्यंत ती पर्स तिथेच होती. चर्चचा पियानो बाराखडीसुद्धा न येणाऱ्या मिसेस हॉलिफील्डनी वाजवला. आईला तो आवडला नसता.

पुढच्या बुधवारी तू आमच्या पोर्चवर उभी राहिलीस, हातात काळा ड्रेस, धोब्याच्या प्लास्टिकमध्ये. मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मलाही शब्द न् शब्द आठवतो. "काळे कपडे तर तू रोज घालतेस, खेळाला. आज वेगळं काय?" मग मी दार लावलं. तू बराच वेळ उभी होतीस. मी पडद्याआडून बघत होते.

मला अजून राग आहे. पण लिहायचं होतं ते हे नाही. जोसीने मला विचारलं ना, मी कुणाच्या बाजूने आहे. तिने त्या हॉटेलात हिरवा ड्रेस घातला तेव्हा मला ती दिसली नाही. पर्स ठेवलेली रिकामी जागा दिसली. "ते" हो म्हणालं, तर ती शनिवारी दोन खेळ असलेल्या माणसांपैकी एक होणार. नाही म्हणालं, तर ती इथेच, खिडकीशी उभी राहून जेवत राहणार. यातलं मला काय हवं आहे ते मी कर्टलाही सांगितलेलं नाही.

निकाल शुक्रवारी संध्याकाळी पाचला.

रोंडा

* * *

लोगन्सपोर्ट, २९ मार्च

कॉलीन,

मी बघितलं.

शुक्रवारी दुपारी गटात कुणीतरी लिहिलं, पानं लवकर उघडली आहेत. जोसी तालमीत होती, फोन बंद. कर्ट गॅसच्या टाक्या पोचवायला वाबाशला गेलेला. मी दवाखान्यात, समोर मिसेस प्लँक त्यांचा म्हातारा बीगल कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्या. जोसीच्या पानाचा परवलीचा शब्द मला पाठ आहे. अर्ज भरताना मीच तर सगळं टाइप केलं होतं. आमच्या गेलेल्या कुत्र्याचं नाव आहे.

बघायचं नाही असं ठरवून मी पाण्याचा ग्लास भरला. मग बघितलं.

पडद्यावर निळे आणि सोनेरी कागद पडायला लागले. भराभर नाही, सावकाश, बर्फ पडतो तसे. खाली मोठ्या अक्षरात अभिनंदन. आणि कॉलीन, मी काय करत होते सांगू? त्या पत्रात "नाही" कुठे लिहिलंय ते शोधत होते. वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. सापडलं नाही तेव्हा आनंदाने इतकी रडले की मिसेस प्लँकना वाटलं, बीगलचंच काहीतरी वाईट कळलं. त्या म्हणाल्या, "आत्ताच सांगून टाक, पोरी. मी खंबीर आहे." त्यांची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की कागद एकदाच पडतात.

मी पान बंद केलं, उघडलं, बंद केलं. काही पडलं नाही. कर्टवर हसले होते ना मी.

संध्याकाळी जोसी आली. हात धुतले, लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, कर्टला एका बाजूला उभं केलं, मला दुसऱ्या. त्याने टोपी छातीशी धरली होती. तिने पान उघडलं. कागद पडले नाहीत, नुसतं पत्र आलं, बिलासारखं. ती थांबली. फार नाही, एक श्वास. मग किंचाळली, खुर्ची पडली, कर्टच्या गळ्यात, माझ्या गळ्यात, सगळं झालं.

कर्ट डोळे पुसत म्हणाला, "पण कागद का नाही पडले?"

"ही साधी माणसं आहेत, बाबा," ती म्हणाली. "यांच्याकडे असलं काही नसतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून आमच्या मुलीला अभिनय करताना बघत होते, कॉलीन. अगदी बिनचूक. त्या शाळेने तिला का घेतलं ते मला कळलं.

तिला कळलं आहे हे मला कळलं आहे. पण तीही बोलत नाही, मीही बोलत नाही. कर्टने मात्र टोपी धुवायला टाकली.

रोंडा

* * *

लोगन्सपोर्ट, १२ एप्रिल

कॉलीन,

माझी आधीची चारही पत्रं काल एकदम परत आली, टपालखात्याची पिवळी पट्टी चिकटवून. त्या पत्त्यावर तू नाहीस. मी दोन महिने शिकागोतल्या कुणा परक्याच्या पत्रपेटीशी बोलत होते. मी ती हातात घेऊन दारात उभी होते तर जोसी म्हणाली, "मावशी तिथून कधीच गेली. ती आता शिकागोतच, नदीच्या बाजूला राहते. पत्ता देऊ?"

मी म्हटलं, "तुला कसा माहीत?"

ती म्हणाली, "गाडीत बस. मला तालमीला सोड. सांगते."

गाडीत तिने आधी विचारलं, "कुठले रंग होते?"

मी नाटक केलं नाही. "निळे आणि सोनेरी," म्हटलं. "सावकाश पडत होते."

"छान," ती म्हणाली. "मला वाटलंच. तू दारातून आलीस तेव्हाच मला निकाल कळला होता. इतकी वाईट नटी आहेस तू की रागसुद्धा येत नाही."

"रागाव की."

"रागावले होते, दोन दिवस. तुला तेही कळलं नाही, म्हणजे माझा अभिनय बरा आहे." मग म्हणाली, "आणि मीही तुझ्यापासून लपवलंय, म्हणजे फिटंफाट. मावशीने बोटांवर फुंकर मारली आणि मी ओळखलं. लहानपणी पियानोच्या बाकावर तिच्या शेजारी बसून मीही मारायचे. म्हणून तर दुसऱ्या ओळीला घाईत सुटले. बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली. तू बर्फाच्या यंत्रामागे होतीस. तुझी पर्स दिसत होती."

मी गाडी धान्याच्या कोठाराजवळ बाजूला घेतली. तूही पर्स बघितलीस का, कॉलीन, ते मी तुलाच विचारीन.

"मावशी म्हणाली, आईला आज सांगू नकोस, तिला आजच्या दिवशी आणखी एक काळजी नको. आणि तुझ्यासाठी मी काही करू शकत नाही, तिथे पियानोवाल्याला कुणी विचारत नाही, पाण्याची बाटली ठेवायलासुद्धा जागा देत नाहीत. निकाल मी तिला त्याच संध्याकाळी कळवला. ती म्हणाली, रॉनी कशी आहे?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मसाल्याचं कपाट पुसतेय."

मग ती म्हणाली, "आजी गेली तेव्हा तिने बदली माणूस शोधला होता, आई. सगळ्यांना फोन केले. जो मिळाला तो हिमवादळात अडकला. ती सांगत नव्हती, मी खोदून काढलं. मी सहा वर्षांची होते, खिडकीतून बघत होते. तू पडद्याच्या त्या बाजूला होतीस, मी या बाजूला."

मला हे माहीत नव्हतं, कॉलीन. तू पोर्चवर सांगायला हवं होतंस. मी सांगू दिलं असतं की नाही, ते वेगळं.

जोसी म्हणाली, "तुला वाटतं ना, मीही येणार नाही? तू मेलीस तर मी येईन. आधीच माणूस बघून ठेवीन. फक्त शनिवारी मरू नकोस, दोन खेळ असतात."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. हसता हसता काय झालं ते सांगत नाही. तिने खिडकी खाली केली, बाहेरून ट्रकवाला विचारत होता, सगळं ठीक आहे ना म्हणून. ती म्हणाली, "हो, आईला कॉलेजात प्रवेश मिळालाय."

"त्यांनी" निवडलेल्या मुलांना बघायला बोलावलं आहे, येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी. मी वार मुद्दाम बघितला. सोमवारी तुमचे खेळ नसतात, हे मला आता माहीत आहे. जोसीला तिथे सोडून मी तुझ्याकडे येईन. हे पत्र नव्या पत्त्यावर टाकते, ते माझ्या आधी पोचेल. परत आलेली चार बरोबर आणते. त्यांत सगळंच गोड नाही, आणि मी एक शब्दही खोडलेला नाही.

तुझ्या घराला पोर्च आहे असं जोसी म्हणते. मी तिथे उभी राहीन. दार लगेच उघडायचं नसेल तर उघडू नकोस, आतून बघत राहा. फेब्रुवारीपासून मला बंद दारासमोर थांबायची सवय झाली आहे. दाराला कान लावायचा नाही असा नियम आहे, तो मी पाळणार नाही.

रॉनी